प्रकल्प नोंदी : व्हीगन ताट, मिश्र ताट आणि एक माहितीपुस्तिका

२ जून २०२५

आमच्या आरोग्य गटाने रत्नागिरी परिसरातील वाचकांसाठी आहारविषयक छोट्या पुस्तिकांची मालिका हाती घेतली असून तिच्यातील या पुस्तिकेचे लेखन माझ्याकडे आले आहे. मांस, मासे, अंडी, दूध आणि दुधाचे सर्व पदार्थ वर्ज्य करणारा व्हीगन आहार हा मांसासह घेतलेल्या समतोल आहारापेक्षा अधिक आरोग्यदायी आहे काय, हा तिचा विषय. आहारसल्ल्यासाठी येणारी तरुण मंडळी हा प्रश्न आता सर्रास विचारतात, आणि त्यांना मिळणारी उत्तरे बहुधा दोन टोकांची असतात. एकाच्या मते व्हीगन आहाराने मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सारे बरे होते, तर दुसऱ्याच्या मते त्याने हाडे ठिसूळ होऊन माणूस अंथरुणाला खिळतो. यांपैकी कोणत्याही टोकाला न जाता, जे सिद्ध झाले आहे तेवढेच सांगायचे, असे आज गटाच्या बैठकीत ठरले.

तुलना कशाशी करायची, हेही आजच ठरवून घेतले, कारण बहुतेक वाद तिथेच भरकटतात. नीट आखलेले व्हीगन ताट एका बाजूला ठेवून दुसऱ्या बाजूला तळलेले चिकन आणि शीतपेय ठेवले, तर निकाल आधीच लागलेला असतो. म्हणून दोन्ही ताटे विचारपूर्वक वाढलेली आहेत, असे गृहीत धरायचे. समतोल ताटासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे प्रमाण मानली आहेत. दोन हजार किलोकॅलरींच्या त्या ताटात रोज २५० ग्रॅम धान्य, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम तेलबिया व सुकामेवा, २७ ग्रॅम तेल-तूप आणि डाळी, अंडी व मांस मिळून ८५ ग्रॅम इतके अन्न येते. मांस हा तिथे डाळींच्याच गटातील एक पर्याय आहे. म्हणजे आपल्या देशातील प्रमाणभूत ‘समतोल’ ताट मुळातच बव्हंशी वनस्पतिजन्य आहे, आणि दोन ताटांमधील खरे अंतर दूध, अंडी व थोडे मांस-मासे एवढ्यापुरते आहे.

९ जून

ब्रिटनमधील एपिक-ऑक्सफर्ड या दीर्घकालीन अभ्यासावरील लेख वाचून संपवले. या अभ्यासात १९९३ ते २००१ या काळात सुमारे ६५ हजार माणसांची नोंदणी झाली आणि त्यांत शाकाहारी व व्हीगन माणसे मुद्दाम मोठ्या संख्येने घेतली गेली. त्यामुळे या प्रश्नासाठी तो विशेष उपयोगाचा आहे.

हृदयविकार व पक्षाघातासंबंधीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ४८ हजार व्यक्तींचा अठरा वर्षे पाठपुरावा केल्यावर असे दिसले की मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारी (यात व्हीगनही धरले आहेत) व्यक्तींना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार होण्याचे प्रमाण २२ टक्क्यांनी कमी होते, मात्र पक्षाघाताचे प्रमाण २० टक्क्यांनी अधिक होते. टक्केवारी ऐकून माणूस दचकतो. म्हणून पुस्तिकेत ती प्रत्यक्ष संख्येत मांडायची आहे. हजार माणसांमागे दहा वर्षांत हृदयविकाराचे दहा रुग्ण कमी आणि पक्षाघाताचे तीन रुग्ण अधिक, असा तो हिशेब आहे. मांस सोडून मासे खाणाऱ्या गटातही हृदयविकार १३ टक्क्यांनी कमी आढळला, आणि कोकणात ही गोष्ट ठळकपणे सांगायलाच हवी.

हाडांबाबतचा लेख २०२० चा. व्हीगन गटात एकंदर अस्थिभंगांचे प्रमाण मांस खाणाऱ्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी अधिक होते आणि खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. हा आकडा समाजमाध्यमांवर फिरतो तो एवढाच. याच अभ्यासातील २००७ चा लेख मात्र कोणी सांगत नाही. त्यात रोज किमान ५२५ मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या व्हीगन व्यक्तींमध्ये अस्थिभंगाचे प्रमाण इतरांइतकेच असल्याचे दिसले होते. वाढलेल्या धोक्यामागे कमी वजन आणि कमी प्रथिने यांचाही वाटा असू शकतो. पण मला यातून काम करण्याजोगी एक गोष्ट निश्चित हाती लागते, ती म्हणजे व्हीगन होणाऱ्याने कॅल्शियमचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवला पाहिजे.

१६ जून

निरीक्षणात्मक (म्हणजे आहार नेमून न देता माणसे आपणहून काय खातात ते केवळ पाहणाऱ्या) अभ्यासांची एक मर्यादा वाचकाला समजेल अशा शब्दांत लिहिण्याचा प्रयत्न आज दिवसभर चालू होता. जो माणूस व्हीगन होतो तो बहुधा धूम्रपान करत नाही, मद्य कमी घेतो आणि व्यायामही करतो. अभ्यासक या गोष्टी गणिताने वजा करतात खरे, परंतु सर्व काही वजा होतेच असे नाही. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठाचा अॅडव्हेंटिस्ट आरोग्य अभ्यास या दृष्टीने उपयुक्त आहे. तिथे सर्वच सहभागी एका धार्मिक पंथाचे असून त्यांच्यात धूम्रपान व मद्यपान एकंदरीतच अल्प असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विश्लेषणात, ७३ हजारांहून अधिक व्यक्तींमध्ये, शाकाहारी गटांचा एकत्रित मृत्युदर इतरांपेक्षा १२ टक्क्यांनी कमी होता. उपगट पाहिले तर मासे खाणाऱ्या शाकाहारींची (या अभ्यासात त्यांनाही शाकाहारींतच धरले आहे) स्थिती व्हीगन गटापेक्षा किंचित सरसच दिसते. दोन्हींतील फरक मात्र ठामपणे सांगण्याइतका मोठा नाही.

आहार प्रत्यक्ष नेमून दिलेले प्रयोग थोडे आणि अल्पकाळाचे आहेत. त्यांतील स्टॅनफर्डचा २०२३ चा प्रयोग पुस्तिकेत घेणार आहे. एकसारख्या जुळ्यांच्या २२ जोड्या घेऊन प्रत्येक जोडीतील एकाला आठ आठवडे व्हीगन आणि दुसऱ्याला मांसासह आरोग्यदायी आहार दिला गेला. आनुवंशिकता एकच असल्याने तुलना नेटकी होते. व्हीगन जुळ्यांचे एलडीएल, म्हणजे हृदयाला अपायकारक मानले जाणारे कोलेस्टेरॉल डेसिलिटरमागे सरासरी ११०.७ मिलिग्रॅमवरून ९५.५ वर आले, तर दुसऱ्या गटात ते ११८.५ वरून ११६.१ इतकेच उतरले. उपाशीपोटीचे इन्शुलिन आणि वजनही व्हीगन गटात अधिक घटले. याच्याबरोबर दोन गोष्टी लिहिणे मी आवश्यक समजते. व्हीगन गटाने एकूण उष्मांकच कमी घेतले होते, त्यामुळे फायद्याचा काही भाग केवळ कमी खाण्याचा असू शकतो. आणि प्रमुख संशोधकाला वनस्पतिजन्य मांस बनवणाऱ्या कंपनीकडून अन्य कामासाठी निधी मिळालेला आहे, जे त्यांनी स्वतः जाहीर केले आहे. निधीमुळे निष्कर्ष खोटा ठरत नाही. तथापि दूध उत्पादकांच्या पैशाने झालेल्या अभ्यासाकडे आपण ज्या सावधपणे पाहतो, तोच सावधपणा इथेही ठेवला पाहिजे.

व्हीगन आणि भूमध्यसागरी आहार यांची थेट तुलना करणारा २०२१ चा प्रयोगही वाचला. वजन जास्त असलेल्या ६२ प्रौढांनी सोळा-सोळा आठवडे दोन्ही आहार आळीपाळीने घेतले. वजन व कोलेस्टेरॉल व्हीगन आहारात घटले, परंतु रक्तदाब भूमध्यसागरी आहारात अधिक उतरला. शिवाय तो व्हीगन आहार कमी चरबीचा होता आणि दुसऱ्या आहारात ऑलिव्ह तेल भरपूर होते, म्हणजे परिणाम प्राणिजन्य अन्न सोडल्याचा की तेल कमी केल्याचा, हे वेगळे काढता येत नाही. आमच्याकडे हा मुद्दा कळीचा आहे. कोकणातील व्हीगन स्वयंपाकातून तूप जाईल, पण ओल्या नारळाचे वाटप आणि खोबरेल राहील. आणि खोबरेल तेलातील सुमारे ९० टक्के स्निग्धांश संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारा असतो. कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी व्हीगन होणाऱ्याला हे सांगितले नाही, तर तीन महिन्यांनी अहवाल पाहून त्याची निराशा होईल.

२४ जून

आज बी१२ चे प्रकरण लिहिले. संपूर्ण पुस्तिकेत एकच पान वाचले जाणार असेल तर ते हे असावे, अशी माझी इच्छा आहे.

बी१२ हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करत नाहीत, प्राणीही करत नाहीत. ते केवळ सूक्ष्मजीव तयार करतात आणि प्राण्यांच्या शरीरातून ते मांस, मासे, अंडी व दुधात येते. मोड आलेल्या कडधान्यांत, आंबवलेल्या पिठात किंवा पालेभाज्यांत ते भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनाच्या गोळ्यांवर त्याचे नाव छापलेले असते, परंतु त्यात जे असते ते बव्हंशी मानवी शरीराला निरुपयोगी असे त्याचे सदृश रूप असते. यकृतात साठा असल्यामुळे आहार बदलल्यावर कमतरता दिसायला काही वर्षे लागू शकतात, आणि ‘मी दोन वर्षे व्हीगन आहे, मला काहीच झाले नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच धोक्याचा आहे.

या विषयाचा इतिहास आपल्या मुंबईशी जोडलेला आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. १९२८ मध्ये लूसी विल्स ही ब्रिटिश वैद्यकीय संशोधक मुंबईत आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये तांबड्या पेशी अवाजवी मोठ्या होऊन होणारा जीवघेणा पंडुरोग आढळत होता. त्याआधी १९२६ मध्ये अमेरिकेत मायनट आणि मर्फी यांनी घातक पंडुरोगावर यकृत खाऊ घालण्याचा उपचार दाखवून दिला होता. पण विल्स यांना असे दिसले की मुंबईच्या या स्त्रिया यीस्टच्या अर्कानेही बऱ्या होतात. त्या अर्कातील घटक पुढे फोलेट हे ब गटातील जीवनसत्त्व म्हणून ओळखला गेला. यकृतातील दुसरा घटक, म्हणजे बी१२, १९४८ मध्ये शुद्ध रूपात वेगळा करण्यात आला. इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी स्थापन झाली ती १९४४ मध्ये. याचा अर्थ, पहिल्या व्हीगन मंडळींनी हा आहार स्वीकारला तेव्हा त्यात नेमके काय उणे आहे, हे जगात कोणालाच माहीत नव्हते. आज ते माहीत आहे, आणि तीच संस्था आज आपल्या सभासदांना रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला २००० मायक्रोग्रॅम बी१२ पूरक स्वरूपात घेण्यास, अथवा पोषणयुक्त केलेल्या अन्नातून रोज ३ मायक्रोग्रॅम मिळवण्यास सांगते. व्हीगन आहाराचे सर्वांत जुने पुरस्कर्तेच गोळीचा आग्रह धरत असताना आपल्याकडील काही प्रचारकांनी तिला ‘कृत्रिम’ म्हणून नाके मुरडावीत, हे मला अक्षम्य वाटते.

फोलेट आणि बी१२ यांच्या नात्यामुळे आपल्याकडे आणखी एक गुंतागुंत होते. भाज्या, डाळी, शेंगदाणे यांमुळे व्हीगन आहारात फोलेट चांगले असते, आणि ते रक्तातील बिघाड झाकून ठेवते. हिमोग्लोबिन ठीक दिसते, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ग्रामीण मातांचा १९९३ पासून चालवलेला अभ्यास इथे फार मोलाचा आहे. ज्या मातांचे गरोदरपणी बी१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा विरोध (म्हणजे शरीराने इन्शुलिनला पुरेशी दाद न देणे) सर्वाधिक आढळला, असे त्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी २००६ मध्ये याच गटाने पुणे शहर व परिसरातील ४४१ पुरुषांची तपासणी केली होती. त्यांत ६७ टक्के पुरुषांमध्ये बी१२ कमी निघाले आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. शाकाहारींमध्ये ही शक्यता वारंवार मांसाहार करणाऱ्यांच्या ४.४ पट होती. ही माणसे दूध-दही खाणारी होती. दूध-दही सोडल्यावर काय होईल, याचा विचार वाचकाने आपला आपण करावा, एवढ्यासाठी हे आकडे जसेच्या तसे देणार आहे.

१ जुलै

गटातील डॉक्टरांशी तपासण्यांच्या पानाबद्दल बोलणे झाले. व्हीगन आहार सुरू करण्यापूर्वी बी१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन (यावरून शरीरातील लोहाचा साठा कळतो) आणि ड जीवनसत्त्व यांची एक तपासणी, आणि पुढे वर्षातून एकदा, एवढे पुरे आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी१२ आधीच घटते, म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र चौकट ठेवायची. पायाला मुंग्या येणे, तोल जाणे, विसरभोळेपणा ही बी१२ च्या कमतरतेची लक्षणे वयाच्या नावावर खपवली जातात, हा डॉक्टरांचा अनुभव त्यांच्याच शब्दांत घेतला.

७ जुलै

काल आषाढी एकादशी झाली आणि आज सकाळी ‘अनारोग्यकारक वनस्पतिजन्य आहार’ हे प्रकरण लिहायला घेतले. उदाहरणे शोधावी लागली नाहीत. साबुदाण्याची खिचडी तुपाऐवजी शेंगदाणा तेलात केली की ती व्हीगन होते. बटाट्याचे वेफर्स, शेव, फरसाण, वडापाव, गोड सरबते हे सारेही व्हीगन आहे. केवळ प्राणिजन्य काही नाही एवढ्याने अन्न आरोग्यदायी ठरत नाही, ही गोष्ट अमेरिकेतील परिचारिका व आरोग्य व्यावसायिकांच्या मोठ्या अभ्यासांतून २०१७ मध्ये स्पष्टपणे पुढे आली. दोन लाखांहून अधिक व्यक्तींच्या आहाराला गुण देऊन पाहिले असता, अख्खी धान्ये, फळे, भाज्या, कडधान्ये, तेलबिया यांवर आधारलेल्या आहारात हृदयविकाराचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी निघाला. आणि मैदा, बटाटे, साखर, गोड पेये यांवर आधारलेल्या वनस्पतिजन्य आहारात तो ३२ टक्क्यांनी वाढलेला निघाला. दोन्ही आहार वनस्पतिजन्यच, तरी एकाने धोका घटतो आणि दुसऱ्याने वाढतो.

माझ्या मते या वादातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हाच आहे. ताटातून मांस काढले, हे अर्धे वाक्य झाले. त्या जागी काय आले, हे सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. मटणाच्या जागी मसूर आली तर लाभ आहे, आणि अंड्याच्या जागी खारी-बटर आले तर तोटाच आहे. पुस्तिकेचा सांगाडा या विचारावर उभा करायचा, असे आज ठरवले.

१५ जुलै

आज गटातील दोघींनी मिळून दोन ताटे प्रत्यक्ष रांधली आणि प्रत्येक जिन्नस कच्चा असताना वजनकाट्यावर ठेवला. भारतीय अन्नघटक तक्त्यांतील आकडे शेजारी घेऊन बसलो होतो.

पहिल्या, व्हीगन ताटात १०० ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकऱ्या, ४० ग्रॅम कोरड्या कुळथाची उसळ, १०० ग्रॅम माठाची भाजी, २० ग्रॅम शेंगदाणे आणि वाटीभर कोशिंबीर होती. नाचणीत १०० ग्रॅममागे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि कुळथात सुमारे २७०. भाजी धरली तर या एका ताटातील कॅल्शियम दिवसाच्या एक हजार मिलिग्रॅमच्या गरजेपैकी निम्म्याच्या पुढे गेले. दूध नाही तर कॅल्शियम कुठून येणार, या प्रश्नाला कोकणातल्या आज्यांच्या स्वयंपाकात असे तयार उत्तर आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र कागदावरील कॅल्शियम आणि अंगी लागणारे कॅल्शियम यांत फरक असतो. दुधातील कॅल्शियमपैकी साधारण एक तृतीयांश शरीरात शोषले जाते. पालकासारख्या ऑक्झॅलेटयुक्त भाजीतील मात्र जेमतेम वीसावा हिस्सा. माठात आणि नाचणीतही असे अडथळे आहेत. कुळीथ रात्री भिजत घालून मोड आणणे, नाचणीचे सत्त्व काढणे, आंबोळीचे पीठ आंबवणे या कृतींनी खनिजांचे शोषण अडवणारे फायटेट घटते व खनिजे अधिक लागू पडतात, म्हणून त्या कृती पुस्तिकेत सविस्तर लिहायच्या आहेत. तिळाचेही असेच. सालासकट तिळात १०० ग्रॅममागे बाराशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पण दुकानात मिळणाऱ्या पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात त्याचा थोडाच भाग उरतो. काळे किंवा न सोललेले तीळ घ्यावेत, अशी टीप घातली.

दुसऱ्या ताटात ज्वारीची भाकरी, बांगड्याचे तिखले, थोडे तुरीच्या डाळीचे वरण, पालेभाजी आणि ताक होते. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैपर्यंत असल्याने बाजारात ताजी मासळी मोजकीच, तीही बर्फातली. प्रथिनांचा हिशेब केला तेव्हा दुसऱ्या ताटाने सुमारे ३० ग्रॅम दिले आणि पहिल्याने २० ते २५ च्या दरम्यान. दिवसाला किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम ही गरज धरली, तर ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम लागतात. दोन वेळच्या जेवणांतून मिश्र ताटात तेवढे सहज भागते, व्हीगन ताटात जेमतेम. पण व्हीगन ताटातून उसळ काढून तिच्या जागी बटाट्याची भाजी ठेवली की हिशेब लगेच कोसळतो, आणि मिश्र ताटात मासा नसेल त्या दिवशीही तेच होते.

समुद्री मासळीतील दीर्घ साखळीची ओमेगा-३ स्निग्धाम्ले मात्र पहिल्या ताटात नाहीत. जवसाच्या चटणीतील ओमेगा-३ लहान साखळीचे असते आणि शरीरात त्याचे रूपांतर फार थोडे होते. शेवाळापासून काढलेल्या तेलाचा व्हीगन पर्याय उपलब्ध आहे, परंतु तो महाग असून आमच्या भागात सहजी मिळत नाही. बांगडा-तारली आमच्या किनाऱ्यावरची रोजची मासळी आहे. मासे खाण्यास नैतिक हरकत नसलेल्या माणसाने केवळ आरोग्याच्या नावाखाली ती सोडावी, असे मला कोणत्याही पुराव्यावरून म्हणता येत नाही.

२२ जुलै

मांसाच्या बाजूचे प्रकरण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात आणि लाल मांसाला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हणून त्याखालच्या गटात ठेवले. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा अंदाज त्यात दिला आहे. सॉसेज, सलामी, बेकन यांना समतोल ताटात जागा नाही, असे पुस्तिकेत निःसंदिग्ध लिहिले आहे. खारवलेली सुकी मासळी प्रथिने व कॅल्शियमने संपन्न असली तरी तिच्यातील मिठामुळे रक्तदाबाच्या रुग्णांनी ती भिजवून, पाणी टाकून देऊन आणि बेताने खावी, हेही जोडले.

परंतु आपल्याकडचा ‘मांसाहारी’ माणूस पाश्चात्त्य अभ्यासांतल्या मांसाहाऱ्यासारखा नसतो. तो बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी खातो. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी पाळतो. आणि येत्या शुक्रवारपासून सुरू होणारा श्रावण संपेपर्यंत अनेक घरांत मांस शिजणार नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ८३ टक्के पुरुष व ७१ टक्के स्त्रिया मासे, चिकन किंवा मांस कधी ना कधी खात असल्याचे दिसते. आणि त्याच सर्वेक्षणात या वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ५४.२ टक्के. मांसाहारी म्हणवल्याने लोह मिळत नाही, हे याहून स्पष्ट कसे सांगावे? मांसातील लोह वनस्पतींतील लोहापेक्षा कितीतरी चांगले शोषले जाते हे खरे आहे. पण बायकांच्या ताटात रस्सा येतो आणि तुकडे पुरुषांच्या व मुलांच्या ताटात जातात, ही घराघरांतील रीत कोणत्याही पोषणतक्त्यात दिसत नाही. स्त्रियांची रोजची लोहाची गरज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषांची १९, अशी शिफारस असताना वाढप नेमके उलटे होते. या परिच्छेदाची भाषा सौम्य करावी अशी सूचना बैठकीत आली होती. ती मी स्वीकारलेली नाही.

लोहासाठी दोन्ही ताटांना सारखेच लागू पडणारे दोन उपाय: जेवणावर लिंबू पिळणे, आणि जेवणानंतर लगेच चहा न घेणे.

२८ जुलै

गरोदर स्त्रिया आणि मुले यांच्याविषयी लिहिताना हात जड झाला, कारण इथे तज्ज्ञ संस्थांचेही एकमत नाही. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये असे म्हटले होते की नीट आखलेला व्हीगन आहार गरोदरपण व बालपणासह सर्व अवस्थांत योग्य ठरू शकतो; २०२५ च्या नव्या भूमिकापत्राची व्याप्ती मात्र त्यांनी प्रौढांपुरती ठेवली आहे. जर्मनीच्या पोषण संस्थेने २०१६ मध्ये गरोदर, स्तनदा माता व मुलांसाठी व्हीगन आहाराची शिफारस करण्यास नकार दिला होता. २०२४ मध्ये निरोगी प्रौढांसाठी तो आरोग्यपोषक असू शकतो असे मान्य करून, संवेदनशील गटांसाठी बाजूने वा विरुद्ध स्पष्ट शिफारस करता येत नाही, अशी सावध भूमिका तिने घेतली.

आमच्या पुस्तिकेची भूमिका याहून थोडी स्पष्ट असावी, असे माझे मत आहे. पुण्याच्या अभ्यासातील माता समोर ठेवल्या, रक्तक्षयाचे आकडे समोर ठेवले आणि नियमित तपासणी किती घरांना परवडते याचा विचार केला, तर आपल्या परिस्थितीत गरोदर स्त्रीला व वाढत्या मुलाला दूध, अंडे किंवा मासे यांपैकी निदान काहीतरी मिळणे हे स्वस्त आणि भरवशाचे संरक्षण आहे. ज्यांना ते नकोच आहे त्यांनी डॉक्टर व आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, गोळ्यांसह, आखीव आहार घ्यावा.

राज्यातील शालेय पोषण आहाराचे उदाहरणही घेतले. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुलांना आठवड्यातून एकदा अंडे आणि न खाणाऱ्यांना केळे देण्याचा निर्णय झाला होता, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवण्यात आला. अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिने आणि बी१२ असते. केळ्यात प्रथिने एखादा ग्रॅम आणि बी१२ शून्य. केळे हे चांगले फळ आहे, पण ते अंड्याचा पर्याय नाही. अंडे न खाणाऱ्या मुलाला शेंगदाण्याचा लाडू, भाजलेले चणे किंवा दूध द्यायला हवे, आणि व्हीगन मुलाला त्याखेरीज बी१२ ची सोय हवीच.

४ ऑगस्ट

मसुदा दोन बाहेरच्या वाचकांना दिला होता. त्यांतील एक तरुणी प्राण्यांवरील क्रौर्याला विरोध म्हणून काही वर्षांपासून व्हीगन आहे. ती म्हणाली, “ताई, तुम्ही लिहिलेलं सगळं खरं असेल, पण वाचताना असं वाटतं की मी एखाद्या आजारासोबत जगते आहे. मी गोळी घेते, तपासणी करते, माझा अहवाल चांगला आहे. त्याबद्दल एक तरी वाक्य लिहा ना.” तिचे म्हणणे रास्त आहे. प्राण्यांविषयीची करुणा हा व्हीगन होण्याचा पुरेसा आणि आदरणीय आधार आहे. त्याला आरोग्याच्या चमत्काराची जोड लागत नाही. कमतरतांची चर्चा त्या पानांवर राहीलच, मात्र व्यवस्थित आखलेल्या व्हीगन आहाराने हृदयाला होणारा लाभ आता प्रकरणाच्या आरंभी येईल.

दुसरे वाचक मासळीच्या व्यवसायातील वयस्कर गृहस्थ. त्यांना मधुमेह असून कोलेस्टेरॉल वाढलेले आहे. “बाई, मासा सोडू की नको ते एका वाक्यात सांगा,” एवढीच त्यांची मागणी होती. त्यांना सांगितले, “काका, मासा सोडू नका, तळलेला सोडा, वाटपातलं खोबरं निम्मं करा, भात कमी करून उसळ वाढवा आणि बी१२ तपासून घ्या, कारण तुम्ही मेटफॉर्मिन घेता.” एका वाक्याची मागणी त्यामुळे पुरी झाली नाही, पण या प्रश्नाचे उत्तर माणूस पाहूनच द्यावे लागते आणि पुस्तिकेतही ते तसेच वयोगट व आजारांनुसार मांडले आहे.

१२ ऑगस्ट

पहिल्या पानावरील मजकूर आज गटाने मान्य केला. तो असा:

‘निरोगी प्रौढ व्यक्तीला कडधान्ये, अख्खी धान्ये, भाज्या, फळे व तेलबिया यांवर आधारलेला व्हीगन आहार, बी१२ च्या गोळीसह, हृदयाच्या दृष्टीने हितकारक ठरतो, गोळीशिवाय तो अपुरा आहे. भरपूर भाज्या व कडधान्ये आणि जोडीला दूध, अंडी, मासे किंवा थोडे मांस असलेला समतोल आहारही तितकाच विश्वासाने घेता येतो. मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांना आपल्या परिस्थितीत तो अधिक सुरक्षित आहे. प्रक्रिया केलेले मांस, मैदा, साखर आणि तळलेले पदार्थ यांनी भरलेले ताट शाकाहारी असो, व्हीगन असो वा मांसाहारी, ते आरोग्यदायी नाही.’

‘तितकाच विश्वासाने’ या शब्दांवर बरीच चर्चा झाली. कोलेस्टेरॉलचे आकडे व्हीगन आहाराच्या बाजूने आहेत, तर हाडे, बी१२ व ओमेगा-३ यांबाबतीत मासे व दूध असलेला आहार पुढे आहे. आणि दोन्ही ताटे नीट वाढलेली असताना एकूण आयुर्मानात ठाम फरक दाखवणारा पुरावा आज उपलब्ध नाही. म्हणून ते शब्द कायम ठेवले. व्हीगन अन्नासाठी २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरात आलेले चिन्ह मागील पानावर छापायचे असून, ते चिन्ह घटक कोठून आले एवढेच सांगते, साखर-मीठ किती आहे हे सांगत नाही, असा खुलासा त्याखाली दिला आहे. मुद्रितशोधनानंतर तपासण्यांचा तक्ता डॉक्टरांकडे पुन्हा एकदा पाहण्यास जाईल आणि मग पुस्तिका छपाईला जाईल.